बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन, गजाला येणाऱ्या मुंग्या आणि सारखा पडणारा आरसीसीबी

हा एपिसोड ज्यांनी बसमध्ये किंवा गाडी चालवताना ऐकला, त्यांचं म्हणणं पडलं की वायरचे रंग आणि आकडे ऐकून लक्षात राहत नाहीत, लिहून द्या. म्हणून हा लिखित भाग. बोलताना दोन-तीन गोष्टी घाईत सुटल्या होत्या, त्याही इथे घातल्यात.

आधीच सांगून टाकतो. मी बीटेक आहे, पण कॉम्प्युटरचा. वायरमनचा परवाना माझ्याकडे नाही. आमच्या घरच्या वायरिंगला मी हात लावला नाही. लावला तो परवानाधारक माणसाने, मी शेजारी मोबाइलचा टॉर्च धरून उभा होतो आणि प्रश्न विचारून त्यांचं डोकं खात होतो. तुम्हीही टॉर्चच धरा. पण समोर काय चाललंय ते कळत असेल, तर टॉर्च धरणारा माणूससुद्धा बऱ्याच चुका पकडतो. आमच्या घरात तीन चुका होत्या, आणि कित्येक वर्षांत त्या कुणी पकडल्या नव्हत्या.

तर झालं असं. मी जळगावला राहतो, काम घरूनच. आई आणि नाना धुळ्याला, देवपुरात. पावसाळ्यात एका रात्री आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि ठेवता ठेवता म्हणाली, "बाथरूमच्या खिडकीच्या गजाला हात लागला ना, की मुंग्या येतात रे." मागून नानांचा आवाज, "तिला म्हटलं, चप्पल घालून जात जा." म्हणजे हे काही त्या दिवशीचं नव्हतं. पंधरा-वीस दिवस चालू होतं आणि घरात त्यावर उपायही ठरला होता : रबरी चप्पल.

मी विचारलं, फॅन चालू असताना का? ती म्हणाली, बंद असतानाही.

बंद असतानाही, हे ऐकल्यावर मी थेट म्हटलं की उद्यापासून ते बाथरूम बंद, मागच्याचं वापरा. शनिवारी सकाळची एसटी पकडली. एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचेपर्यंत मोबाइलवर जेवढं वाचता येईल तेवढं वाचलं, आणि त्यातलं अर्धं आपल्याकडे लागू नाही हे नंतर कळलं. त्यावर पुढे येतो.

घरी आमचे नेहमीचे वायरमन आले. वयाने मोठे आहेत, आम्ही त्यांना जिभाऊ म्हणतो. त्यांनी फॅनकडे बघितलं, स्टूल मागवलं आणि पहिलं वाक्य टाकलं, "आधी इन्व्हर्टर बंद कर भाऊ. मेन पाडला म्हणजे लाइट गेली असं तुला वाटतंय, पण हा फॅन इन्व्हर्टरवर आहे."

हे मला खरंच माहीत नव्हतं. बाथरूममध्ये गॅस गिझर आहे. लाइट गेल्यावरही हवा खेळती राहावी म्हणून नानांनी फॅन इन्व्हर्टरवर घेतला होता. विचार चांगलाच होता (गॅस गिझर मुळात बाथरूमच्या बाहेर हवा, फॅन लावून तो सुरक्षित होत नाही, तो वेगळा एपिसोड). पण याचा अर्थ असा की मेन स्विच पाडून मी त्या फॅनला हात घातला असता तर वायरमध्ये पूर्ण २३० व्होल्ट असते. लोडशेडिंगच्या काळापासून आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर बसलेत आणि "मेन बंद केलाय ना" हे वाक्य तेव्हापासून अर्धवट आहे. मेन बंद, इन्व्हर्टर बंद, इन्व्हर्टरचा प्लग बाहेर, आणि मग टेस्टरने तपासणी. तपासणीही आधी चालू असलेल्या बोर्डावर करून टेस्टर जिवंत आहे ना ते बघायचं, मग फॅनवर. टेस्टरमधला दिवा गेलेला असला तर तो सगळीकडे "लाइट नाही" असंच सांगतो.

काय काय चुकलं होतं

फॅन नऊ इंची, लोखंडी फ्रेमचा. खिडकीच्या लोखंडी चौकटीला नट-बोल्टने कसलेला. म्हणजे फॅनची बॉडी, चौकट आणि गज हे विजेच्या दृष्टीने एकच वस्तू. फॅनच्या फ्रेमवर अर्थिंगचा स्क्रू होता आणि तो रिकामा होता. फॅनला दोनच तारांची वायर लावलेली. स्विचबोर्ड उघडला तर आत हिरवी वायर आलेली होती, पण बोटभर कापून, काळी टेप गुंडाळून मागे ढकललेली. ज्याने फॅन बसवला त्याच्याकडे तीन तारांची वायर त्या दिवशी नसावी, एवढंच कारण असेल.

ही पहिली चूक. दुसरी त्याच बोर्डात. स्विच फेजमध्ये नव्हता, न्यूट्रलमध्ये होता. स्विच बंद केला की फॅन थांबतो, त्यामुळे कुणाला काही शंका येत नाही. पण फेज थेट फॅनपर्यंत गेलेला, चोवीस तास. म्हणून आईला फॅन बंद असतानाही मुंग्या येत होत्या. घरी एक सोपी गोष्ट बघता येते : वायरमन आले की त्यांना सांगा, स्विच बंद ठेवून फॅनच्या टर्मिनलवर टेस्टर लावा. दिवा लागला, तर स्विच चुकीच्या तारेत आहे.

आता फॅनची बॉडी जिवंत का झाली? मोटरच्या आत तांब्याच्या तारेवर इनॅमलचा थर असतो. बाथरूमची वाफ, उन्हाळाभर बसलेली धूळ, वर पावसाळ्याची ओल. धूळ ओली झाली की तिच्यातून थोडा थोडा करंट वाहू लागतो, वाइंडिंगपासून बॉडीकडे. शॉर्ट सर्किट होत नाही, फॅन मस्त फिरत असतो. नुसती गळती.

मग एमसीबी का पडला नाही? हा प्रश्न मला नानांनी विचारला आणि मी त्यांना कॅल्क्युलेटर काढून दाखवलं. एमसीबी बघतो की वायरमधून क्षमतेपेक्षा जास्त करंट जातोय का. फॅनच्या लाइनला ६ ॲम्पिअरचा एमसीबी. माणसाचा जीव धोक्यात यायला किती लागतो? हाताची पकड सुटेनाशी व्हायला साधारण १० ते १६ मिलीॲम्पिअर. हे आकडे चार्ल्स डॅलझिल या अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या प्राध्यापकाने माणसांवर प्रत्यक्ष मोजून काढलेले आहेत, स्त्रियांसाठी सरासरी साडेदहाच्या आसपास, पुरुषांसाठी सोळा. त्याच्या वर छातीतून करंट गेला आणि काही क्षण टिकला की श्वास आणि हृदय. ओल्या अंगाचा रोध साधारण १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला अंगातून २३० मिलीॲम्पिअर जातात. ६ ॲम्पिअर म्हणजे ६००० मिलीॲम्पिअर. एमसीबीच्या हिशेबाने माणूस हा एक छोटा बल्ब आहे. तो पडणारच नाही. पडायला तो बनवलेलाच नाही.

आईला नुसत्या मुंग्याच का आल्या, याचं उत्तर नानांच्या चपलेत होतं. रबरामुळे अंगातून जाणारा करंट एक-दोन मिलीॲम्पिअरवर अडला. म्हणजे नानांचा उपाय अगदी वेडेपणाचा नव्हता, आणि तेच मला जास्त घाबरवून गेलं. अंघोळीला कोण चप्पल घालून बसतं?

"मग अर्थिंग असतं तर पडला असता ना?" नानांचा पुढचा प्रश्न. इथे बहुतेकांची समजूत अर्धी बरोबर असते. आपल्या घराचं अर्थिंग म्हणजे अंगणातला खड्डा, त्यात मीठ-कोळसा, पाइप किंवा पट्टी. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा तो खड्डा ठणठणीत कोरडा असतो. समजा त्याचा रोध १०० ओहम झाला. फेज पूर्णपणे बॉडीला चिकटला तरी जमिनीत जाणार २३० भागिले १००, म्हणजे २.३ ॲम्पिअर. ६ चा एमसीबी शांत. फॅन फिरतोय, बॉडीला जवळजवळ पूर्ण व्होल्टेज, आणि वर "आमच्याकडे अर्थिंग केलेलं आहे" हे समाधान. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतायला सांगतात ते यासाठीच, पण नुसत्या पाण्यावर भरवसा ठेवता येत नाही.

तिसरी चूक, जी सगळ्यात मोठी होती

एवढं झाल्यावर जिभाऊंनी डीबी उघडला. डीबी म्हणजे एमसीबींची पेटी. आणि आत आरसीसीबी होता! घर बांधलं तेव्हा बसवलेला, चांगल्या कंपनीचा, ३० मिलीॲम्पिअरचा. मला क्षणभर कळेना की हा असताना फॅन गळत कसा राहिला. जिभाऊंनी बोट दाखवलं. वरच्या दोन्ही वायर आरसीसीबीतून काढून खालच्या वायरींना जोडून टाकलेल्या होत्या. आरसीसीबी पेटीत होता, खटका वर होता, पण त्यातून वीजच जात नव्हती. शोभेला.

नाना म्हणाले, "अरे तो सारखा पडायचा. इन्व्हर्टर बसवला त्या दिवसापासून उभाच राहीना. मग त्या माणसाने डायरेक्ट करून दिलं."

आपल्याकडे "डायरेक्ट करून दिलं" ही किती घरांची गोष्ट आहे ते तुम्ही तुमच्या पेटीत बघा. म्हणून तो का पडायचा हे नीट समजून घेऊ. सगळ्या एपिसोडचा गाभा तोच आहे.

आरसीसीबी काय करतो? लग्नाच्या मांडवाला एकच दार आहे आणि दारावर एक मोजणारा बसलाय असं समजा. फेजमधून जितका करंट आत गेला, तितकाच न्यूट्रलमधून बाहेर आला पाहिजे. आत एक लोखंडी कडं असतं, दोन्ही तारा त्याच्यातून एकत्र जातात. जाणारा आणि येणारा करंट सारखा असेल तर दोघांचं चुंबकीय क्षेत्र एकमेकाला खोडतं. फरक पडला, म्हणजे काही करंट दुसऱ्याच वाटेने, गजातून, माणसातून जमिनीत गेला, तर कड्यावरच्या तिसऱ्या वेटोळ्यात करंट उमटतो आणि खटका पडतो. ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी १५ च्या खाली पडत नाही, ३० ला पडलाच पाहिजे. मानकाप्रमाणे ३० मिलीॲम्पिअरला जास्तीत जास्त ०.३ सेकंद, आणि गळती पाचपट असेल तर ०.०४ सेकंद. झटका जाणवतो, पण हृदयाला गाठायला करंटला वेळ मिळत नाही.

ही कल्पना जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेत स्टिलफॉन्टेन या सोन्याच्या खाणींच्या गावात घरगुती अपघातांत बायका दगावल्या, त्यानंतर १९५० च्या दशकात तिथल्या घरांत असं यंत्र बसवलं गेलं. अमेरिकेत डॅलझिलने १९६१ च्या सुमारास त्यांची आवृत्ती काढली, आणि १९७५ पासून तिथे बाथरूमच्या सॉकेटला ती सक्तीची झाली. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत घरगुती वापरासाठी ३० मिलीॲम्पिअर ही मर्यादा स्पष्ट लिहिली गेली, लहान जोडण्यांना सूट ठेवून. त्या सुटीत बरीच घरं बसतात. आणि एनसीआरबीच्या अहवालांत २०१९ ते २०२१ या तिन्ही वर्षी देशात विजेच्या धक्क्याने गेलेल्यांचा आकडा बारा हजारांच्या वर आहे.

परत आमच्या पेटीकडे. इन्व्हर्टर बसवणाऱ्याने त्याचा इनपुट घेतला आरसीसीबीच्या आधीहून, मेन स्विचच्या जवळून. पण इन्व्हर्टरवरच्या दिव्यांचा आणि फॅनचा न्यूट्रल राहिला जुन्याच न्यूट्रल पट्टीवर, म्हणजे आरसीसीबीच्या नंतर. आता मोजणाऱ्याच्या नजरेने बघा. पाहुणे मागच्या भिंतीवरून आत आले आणि पुढच्या दाराने बाहेर निघाले. बाहेर जास्त, आत कमी. ४० वॅटचा फॅन २३० व्होल्टला साधारण १७० मिलीॲम्पिअर घेतो. म्हणजे एकही गळती नसताना आरसीसीबीला १७० मिलीॲम्पिअरचा फरक दिसतोय. तो पडणारच. नऊ वॅटच्या बल्बनेही पडेल.

आरसीसीबी खराब नव्हता. तो अगदी खरं सांगत होता की माझ्या दाराने हिशेब जुळत नाही. त्याचं ऐकून इन्व्हर्टरचं वायरिंग दुरुस्त करायला अर्धा दिवस लागला असता. त्याऐवजी त्याचं तोंड बंद केलं. आणि मग काही वर्षांनी फॅन खरोखर गळायला लागला, तेव्हा सांगायला घरात कुणी नव्हतं. आमच्या कामात टेस्ट फेल होते म्हणून टेस्टच काढून टाकणारे लोक असतात. मी स्वतः एकदा तसं केलंय, त्यामुळे त्या माणसाला फार बोलायचा मला हक्क नाही. पण माझ्या चुकीने फक्त एक वेबसाइट बंद पडली होती.

कसं दुरुस्त केलं

जिभाऊंनी आधी इन्व्हर्टर सोडवला. इनपुटची फेज आणि न्यूट्रल, दोन्ही घरच्या आरसीसीबीच्या नंतर घेतली. इन्व्हर्टरच्या आउटपुटला वेगळा आरसीसीबी आणि त्या दिव्या-फॅनसाठी वेगळी न्यूट्रल पट्टी. दोन पट्ट्यांचे न्यूट्रल कुठेही एकमेकाला भेटता कामा नयेत. जुन्या घरात हेच सगळ्यात वेळखाऊ काम असतं, कारण एखाद्या बोर्डात कुणीतरी शेजारच्या लाइनचा न्यूट्रल उसना घेतलेला असतोच. आमच्याकडे जिन्याच्या दिव्याने घेतलेला निघाला. तो शोधायला दुपार गेली.

शोधताना एक गंमत कळली. मी म्हटलं, सोपं आहे, सगळे एमसीबी पाडा आणि एकेक चढवा, ज्याच्यावर आरसीसीबी पडेल तो दोषी. डीबगिंग. जिभाऊ हसले. म्हणाले, एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल कुठे अर्थिंगला टेकलेला असेल तर सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडू शकतो. तेव्हा पट्टीवरचे न्यूट्रल एकेक सोडवून बघावे लागतात. माझ्या बीटेकचा तिथे निकाल लागला.

मग बाथरूम. स्विच फेजमध्ये आणला. बोर्ड आधीपासून दाराबाहेर होता हे बरं होतं, ओल्या हाताने पोचेल असा स्विच बाथरूमच्या आत नकोच. बोर्डातली हिरवी वायर मोकळी करून, तीन तारांच्या वायरने फॅनच्या अर्थिंगच्या स्क्रूपर्यंत नेली. जुनाच फॅन, मुद्दाम, तपासायला. सगळे बाथरूमच्या बाहेर उभे राहिलो आणि स्विच दाबला. फॅनचं पातं हललंही नाही, तिकडे पेटीत टक्‌. आरसीसीबी खाली.

हा टक्‌ मला आयुष्यभर लक्षात राहील. अर्थिंग आणि आरसीसीबी ही जोडी का लागते, ते त्यात होतं. नुसता आरसीसीबी असता तर तो पडला असता, पण कुणाचा तरी हात गजाला लागल्यावर. अर्थिंग जोडलेलं असलं की गळती हात लागायच्या आधीच हिरव्या वायरने जाते आणि खटका रिकाम्या बाथरूममध्येच पडतो. आणि मघाचा कोरडा खड्डा आठवा. १०० ओहमला एमसीबी शांत बसला होता. पण त्याच २.३ ॲम्पिअरची गळती आरसीसीबीच्या हिशेबाने ३० मिलीॲम्पिअरच्या सत्तरपटीहून जास्त. अर्थिंग सुमार असलं तरी तो पडतो.

जिभाऊंनी मेगर लावून बघितलं. वाइंडिंग आणि बॉडीमध्ये निदान एक मेगाओहम तरी हवा, काटा शून्याजवळ. फॅन बाद.

नवा फॅन प्लॅस्टिक बॉडीचा घेतला, सहा इंची. त्याच्या मागे चौकोनात चौकोन अशी खूण आहे. म्हणजे दुहेरी इन्सुलेशन, याला अर्थिंगचा स्क्रूच नसतो, दोनच तारा. तरी हिरवी वायर तिथपर्यंत आणून, टोक झाकून ठेवलीय, पुढेमागे कुणी लोखंडी फॅन लावला तर असावी म्हणून. वायर फॅनपाशी थोडी खाली लोंबती ठेवून मग वर घेतली, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी तिथेच टपकतं, फॅनमध्ये शिरत नाही. जोड झाकणाच्या डबीत, टर्मिनलवर, नुसत्या काळ्या टेपवर नाही. फॅनची जागा शॉवरच्या फवाऱ्यापासून लांब आणि उंच. आंतरराष्ट्रीय नियमांत शॉवरच्या भागात २.२५ मीटर उंचीपर्यंतची जागा ओली धरतात, त्याच्या वर आणि बाजूला मिळाली तर उत्तम. मिळत नसेल तर पाण्याच्या शिंतोड्यांना टिकेल असा, आयपीएक्स४ लिहिलेला फॅन बघा.

शेवटी चाचणी. आरसीसीबीवर "टी" लिहिलेलं बटण असतं, ते दाबलं की तो पडायला हवा. पण ते बटण फक्त आरसीसीबीचा खटका तपासतं. तुमचं अर्थिंग जोडलेलं आहे की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही. म्हणून जिभाऊंनी त्यांच्या मीटरने बाथरूमच्या लाइनवर खरी गळती देऊन बघितली. एकदा लाइटवर, एकदा इन्व्हर्टरवर. इन्व्हर्टरवर असताना आरसीसीबी पडेल का, हे त्या इन्व्हर्टरचा न्यूट्रल आत कसा जोडलाय यावर ठरतं, त्यामुळे गृहीत धरायचं नाही, करून बघायचं. आणि तेही मेन स्विच पाडून नाही. मेन स्विच दोन्ही तारा तोडतो, खरी लाइट जाते तेव्हा न्यूट्रल जोडलेलाच असतो. म्हणून फक्त इन्व्हर्टरच्या इनपुटचा फेजवरचा एमसीबी पाडला. दोन्ही वेळा टक्‌.

विचारलेले काही प्रश्न

दुकानात काय मागायचं? दुकानदार ईएलसीबी म्हणेल, चालतं, बोलण्यात दोन्ही एकच झालंय. बघायचं ते अंगावर छापलेलं : ३० मिलीॲम्पिअर, म्हणजे ०.०३ ॲम्पिअर. १०० आणि ३०० चेही मिळतात, ३०० चा मुख्यतः आगीपासून वाचवायला असतो, माणसासाठी नाही. २५ किंवा ४० ॲम्पिअर हा आकडा वेगळा, तो आरसीसीबी किती भार वाहू शकतो त्याचा. आरसीसीबी एमसीबीचं काम करत नाही, दोन्ही लागतात. दोन्ही एकातच हवं असेल तर आरसीबीओ मागा. वॉशिंग मशीन किंवा इन्व्हर्टर एसी त्या लाइनवर असेल तर "ए" टाइपचा घ्या, साध्या "एसी" टाइपला त्यांची सगळ्या प्रकारची गळती दिसत नाही.

यूट्यूबवर बघून करू का? बसमध्ये मी जे वाचत होतो ते बरंचसं अमेरिकन होतं. तिथे काळी वायर म्हणजे फेज, पांढरी म्हणजे न्यूट्रल. आपल्या भिंतीत लाल, पिवळी किंवा निळी म्हणजे फेज आणि काळी म्हणजे न्यूट्रल. अगदी उलट. त्यात भर म्हणजे उपकरणाच्या वायरमध्ये तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल असते, म्हणजे निळा रंग भिंतीत एक आणि प्लगमध्ये दुसरा. जुन्या घरात तर जी वायर हाताशी होती ती ओढलेली असते. रंगावर विश्वास नाही, टेस्टरवर.

आणि आरसीसीबी असला की वीज काहीच करत नाही असं नाही. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, तर त्याच्या हिशेबाने पाहुणा आत गेला आणि बाहेर आला. तो पडणार नाही.

सगळा खर्च मी इथे लिहीत नाही, घराप्रमाणे बदलतो. आम्हाला आरसीसीबीपेक्षा जिभाऊंची दीड दिवसाची मजुरी जास्त पडली, आणि ती पूर्ण वसूल झाली. कूलरची लाइनही त्यांनी त्यातच आरसीसीबीखाली घेतली. लोखंडी पत्र्याचा कूलर, त्यात पाणी, मेमध्ये पोरं त्याला हात लावून उभी असतात. त्याचा जीवघेणेपणा आपल्याकडे वेगळा सांगायला नको.

आता दर महिन्याच्या एक तारखेला आई टीचं बटण दाबते. घरची लाइट जाते, टीव्ही बंद होतो, नाना बातम्यांच्या मधेच ओरडतात. मग मला फोन, "पडला रे." जुना फॅन मात्र नानांनी फेकू दिला नाही. भंगारवाला किलोने घेईल म्हणून तो गच्चीवर ठेवलाय. मी निघायच्या आधी त्याची वायर मुळापासून कापून आलो.